साचेखात्याचे बंद दार

नोकरीतील भेदभाव फलकावर लिहिलेला नसतो. म्हणून तो ओळखणे कठीण व सिद्ध करणे त्याहूनही कठीण. या दृष्टीने मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास आपल्या तरुण समाजबांधवांनी व भगिनींनी अवश्य अभ्यासावा.

त्या काळी साचेखात्यातील मजुरी रिंगखात्याहून अधिक असे. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांस साचेखात्यात प्रवेश नसे. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते, त्यामुळे स्पृश्य कामगारांस विटाळ होईल, असे कारण सांगत. मालक कामगारांच्या रूढीकडे बोट दाखवीत. जबाबदार कोणीच नाही, आणि नुकसान मात्र नेहमी एकाच वर्गाचे! भेदभावाची खूण ती हीच.

१९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख गिरणीकामगारांचा संप झाला. साचेखाते सर्वांस खुले करण्याची मागणी न केल्यास अस्पृश्य कामगारांस संपापासून दूर राहण्याचा सल्ला देऊ, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांस बजावले. नाखुशीने का होईना, ती मागणी यादीत आली. हा अन्याय असल्यास त्याचा दोष आपल्याकडे नाही, असे मालकांनी उत्तर दिले.

दार लगेच उघडले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांस गिरण्यांचा हा प्रश्न पुन्हा मांडावा लागला. रेल्वेतही हे कामगार गँगमन म्हणूनच खितपत पडत. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे, म्हणून ती जागाही त्यांस मिळत नसे. तथापि जी गोष्ट आजवर कुजबुजीत होती, ती १९२८ साली कागदावर आली. आणि कागदावर आलेल्या गोष्टीस कोणास तरी उत्तर द्यावे लागते.

पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तर १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत समान संधी दिली. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याचे १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायद्यात रूपांतर झाले. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणे हा त्यान्वये गुन्हा आहे.

म्हणून पात्रता समान असता बढती वारंवार हुकत असेल, अथवा हलके काम एकाच्याच वाट्यास येत असेल, तर मनात कुढत बसू नये. तारीख, हुकूम व साक्षीदार यांची नोंद ठेवावी. वरिष्ठांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. तेथे दाद न लागल्यास अनुसूचित जातीच्या बांधवांनी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार करावी. साचेखात्याचे दार मूकपणे सोसून उघडले नसते. ते आधी बंद आहे असे कोणीतरी स्पष्ट सांगावे लागले.