ब्रेटफर्टनचें ‘फ्लीस इन’ : जीर्णोद्धृत वास्तूचें प्रामाण्य

जीर्णोद्धार झालेली वास्तु इतिहासास प्रमाण मानावी कीं नाहीं, हा प्रश्न संशोधकांस वारंवार पडतो. त्याच्या निर्णयास इंग्लंडांतील एका खेड्यांतलें पानगृह उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहें.

वुस्टरशायर परगण्यांत ईव्हशॅमजवळ ब्रेटफर्टन नांवाचें खेडें आहे. तेथील ‘फ्लीस इन’ ही लांकडी चौकटीची व गवती छपराची इमारत मूळची एका शेतकरी कुटुंबाचें राहतें घर. तिचा आरंभ पंधराव्या शतकांतला समजतात. इ. स. १८४८ त हेन्री बर्ड टॅप्लिन यानें तिचें पानगृह केलें. त्याच कुलांतील लोला टॅप्लिन ही बाई १९७७ त वारली. तिनें हें घर मृत्युपत्रानें नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केलें. येथें बटाट्याचे तळलेले काप विकूं नयेत अशी तिची अट होती, असें सांगतात.

आंत दगडी फरसबंदी, ठेंगण्या तुळया व मोठ्या शेगड्यांच्या खोल्या आहेत. शेगडीपुढील फरशीवर पांढरीं वर्तुळें काढलेलीं दिसतात; धुराड्यावाटे चेटकीण घरांत उतरूं नये, हा त्यांचा हेतु. एका खोलींत ओकच्या मांडणीवर प्यूटर या कथीलप्रधान मिश्रधातूचीं जुनीं ताटें आहेत. १६५१ त वुस्टरच्या लढाईस जातांना क्रॉम्वेलनें तीं येथें ठेविलीं, अशी आख्यायिका आहे.

२७ फेब्रुवारी २००४ रोजीं धुराड्यांतील ठिणगीनें छपरास आग लागली व इमारतीची मोठी हानि झाली. परंतु आंतील संग्रह लोकांनीं बाहेर काढून वांचविला. पुढें जीर्णोद्धार होऊन २००५ त पानगृह पुन्हां उघडलें व ताटें मांडणीवर परत आलीं.

आतां प्रामाण्याचा विचार करूं. येथें चार प्रकारची साक्ष एकत्र आहे. मृत्युपत्र हा लेख. त्यानें दानाचा व्यवहार सिद्ध होतो. ताटें ही वस्तु. तीं जुनीं आहेत इतकेंच तीं सांगतात. क्रॉम्वेलची गोष्ट ही आख्यायिका; ताटांच्या जुनेपणानें ती सिद्ध होत नाहीं, मात्र गांवानें त्या लढाईची आठवण कशी जपली हें तिच्यावरून कळतें. वर्तुळें हा आचार. खडू नवा असला तरी चाल जुनी असूं शकते.

नव्या छपराचें काय? पोथीचीं गहाळ पानें दुसऱ्या हातानें लिहून पुरीं केलीं, तर आपण पोथी टाकून देत नाहीं. अक्षर कोणाचें व केव्हांचें एवढें नोंदवितों. वास्तूसही हाच न्याय लावावा. नवें तें नवें म्हणून नोंदलें असलें म्हणजे जुन्याचें प्रामाण्य उणें होत नाहीं.

संग्राहकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. हींच ताटें लिलांवांत निरनिराळ्या हातीं गेलीं असतीं, तर धातु राहिला असता, पण घर, कुल व आख्यायिका यांच्याशीं असलेला त्यांचा संबंध तुटला असता. आपल्याकडेही दप्तराचा रुमाल सोडतांना कागद कोणत्या घरीं, कोणत्या क्रमानें होते हें टिपून न ठेवल्यास तीच हानि होते. आणि ती आगीच्या हानीसारखी पुढें भरून काढतां येत नाहीं.