समाधीचे अभंग

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीस जिवंतपणीच घेतलेल्या समाधीचे वर्णन करणारी, संत नामदेवांच्या नावावरील अभंगरचना. मराठी शोककाव्याची ही आद्य आणि अजोड निर्मिती होय. अशी संजीवन समाधी हा मृत्यूच नाही, मग शोक कसला, असा आक्षेप संभवतो. परंतु येथे तत्त्वज्ञान अश्रूंना थोपवत नाही : ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू असलेले निवृत्तिनाथ व्याकूळ होतात, साक्षात विठ्ठलालाही गहिवर आवरत नाही. वियोगाचे दुःख ज्ञान्यालाही चुकत नाही, ही या रचनेची धीट भूमिका आहे. यातील काही अभंग उत्तरकालीन असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास हा शोक एका कवीपुरता न राहता पिढ्यांनी आपला मानला, असेच ठरते. समाधीच्या तिथीला, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत हा प्रसंग आजही कीर्तनातून सांगितला जातो.