ध्वनिकला-शिक्षण

ध्वनिकला-शिक्षण : ध्वनी हेच जिचे मूलद्रव्य आहे आणि प्रेक्षकाच्या हालचालीस, स्पर्शास अथवा आवाजास जी आपण होऊन प्रतिसाद देते, अशा कलाकृतीची घडण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस शिकविणारी अध्यापनशाखा. संगीत, दृश्यकला, विद्युत्‌विद्या व संगणकविद्या यांच्या शिवेवर ती उभी असल्याने तिची तजवीज कोणत्या खात्याने करावी हा प्रश्न वारंवार उद्‌भवतो. परंतु तिचे खरे अधिष्ठान या चारींपैकी एकीतही नसून श्रवणात आहे, आणि यंत्र हाती देण्याआधी कान तयार करणे हे अध्यापकाचे पहिले कर्तव्य होय.

कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले पाठ १९६७ मध्ये ‘इअर क्लीनिंग’ या पुस्तिकेत प्रसिद्ध झाले. त्यांतील एका पाठात कागदाचा एक ताव वर्गभर हातोहात फिरवावयाचा, मात्र त्याचा किंचितही आवाज होऊ द्यावयाचा नाही. श्वास रोखून कागद पुढे देणाऱ्या मुलांना त्याची बारीकशी कुरकूरही मोठी वाटू लागते, आणि शांतता म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे हे कोणी न सांगता उमगते. याच शिक्षकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे व्हँकूव्हर शहराच्या ध्वनिपरिसराची रीतसर पाहणी करून तिची ध्वनिमुद्रणे १९७३ मध्ये प्रसिद्ध केली.

अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात सुमारे चार दशके अध्यापन केलेले ॲल्विन लुसिये (१९३१–२०२१) यांची १९६९ ची ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ ही कृती तर जणू पाठ म्हणूनच जन्मास आली आहे. खोलीत बसून काही वाक्ये बोलावयाची व ती मुद्रित करावयाची. ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करावयाचे. आणि हाच क्रम चालू ठेवावयाचा. प्रत्येक फेरीत खोलीस मानवणाऱ्या कंप्रता बळावतात, इतर विरतात, व अखेरीस शब्द विरघळून केवळ त्या वास्तूचा सूर उरतो. लुसिये स्वतः अडखळत बोलत असत. ते अडखळणेही त्या सुरात विलीन होते. दोन साध्या ध्वनिमुद्रकांवर होणाऱ्या या प्रयोगाइतके अनुनादाचे उत्तम प्रात्यक्षिक क्वचितच आढळेल.

भारतात या विद्येचा पाया अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत घातला गेला. पखवाजवादक गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकी संगीतकार जॉन केज यांच्याशी भारतीय व पाश्चात्त्य संगीताची देवघेव केली होती. त्याच परिचयाच्या वर्तुळातील अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये संस्थेत मूग सिंथेसायझर व ध्वनिमुद्रक यांची प्रयोगशाळा उभारून दिली. काही वर्षांतच ती बंद पडली व तिच्या फिती दप्तरात पडून राहिल्या. २०१७ मध्ये ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. इतक्या लवकर आरंभ होऊनही आपल्याकडे ही परंपरा अखंड राहिली नाही, ही हानी मोठी आहे.

पुढील काळात साधने सुलभ झाली. पॅरिसच्या ‘इर्काम’ संस्थेत १९८० च्या दशकात मिलर पकेट यांनी रचलेली ‘मॅक्स’ ही संगणकप्रणाली, त्यांचीच विनामूल्य ‘प्युअर डेटा’, आणि इटलीतील इव्हरेआ येथे २००५ मध्ये निघालेला ‘अर्डुइनो’ हा विद्युत्‌फलक यांमुळे बेताच्या खर्चात संवेदक ध्वनीशी जोडता येऊ लागला. अर्डुइनोचा मूळ फलक संवेदकाकडून येणारा विद्युत्‌दाब ० ते १०२३ अशा अंकांत मोजतो. विद्यार्थी सहसा हे अंक सरळ प्रमाणात कंप्रतेस जोडतो आणि फसतो : हात थोडा सरकताच मंद्रात स्वर उडी घेतो, तारात मात्र जागचा हलत नाहीसा वाटतो. कारण १०० पासून २०० हर्ट्‌झपर्यंत षड्जापासून तार षड्जापर्यंतचे संपूर्ण सप्तक भरते, तर ८०० ते ९०० हर्ट्‌झ हे अंतर षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंतचेच असते. कान फरक मोजत नाही, प्रमाण मोजतो. तंबोरा लावावयास शिकलेल्या मुलास हे समीकरणावाचून कळते, आणि अशा मुलास पुढे बसवून इतरांना त्याच्या मांडणीसमोर हात हलवावयास सांगणे हा या पाठाचा सर्वांत फलदायी भाग असतो.