चार नंबरचा अठ्ठेचाळीस कसा झाला

पुणे-सातारा पट्ट्यात जुनी माणसं अजून 'एनएच फोर'च म्हणतात. पाट्यांवर कधीचं ४८ आलंय, जिभेवर चारच आहे.

आपल्याकडे रस्त्यांची प्रतवारी सुरू झाली ती खर्च कुणी करायचा, या वादातून. मोटारी वाढल्या, रस्ते मात्र प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात. १९२७ साली बॅ. जयकरांच्या (पुणे विद्यापीठातलं ग्रंथालय ज्यांच्या नावाचं आहे तेच) अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने सुचवलं, पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांना द्या. १९२९ मध्ये रस्ते निधी उभा राहिला. पेट्रोल भरताना आपण आजही रस्त्याचे पैसे मोजतो, त्याचं मूळ तिथे आहे.

मग डिसेंबर १९४३. महायुद्ध चालू असताना देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड रचली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गाव. बांधकाम खात्याच्या फलकावर 'रा.मा.' (राज्य मार्ग), 'प्र.जि.मा.' (प्रमुख जिल्हा मार्ग), 'इ.जि.मा.' (इतर जिल्हा मार्ग), 'ग्रा.मा.' (ग्रामीण मार्ग) अशी अक्षरं दिसतात ना, ती त्याच उतरंडीची. अक्षरं वाचता आली की खड्ड्याची तक्रार कुठे न्यायची तेही कळतं. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्याचा.

राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६ चा. नंबर देताना दिल्ली-अमृतसर १, दिल्ली-कोलकाता २, आग्रा-मुंबई ३, ठाणे-चेन्नई ४ अशी सुरुवात झाली. पुढे नवे रस्ते येत गेले तसे नंबर मिळत गेले. नंबरावरून दिशा कळेना. फाट्यांना अक्षरं चिकटवली. बेळगाव-पणजी झाला ४ए.

२०१० मध्ये सगळी पाटी पुसली. आता उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे; पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. आपल्याच नकाशावर बोट फिरवा: धुळे-नागपूर ५३, त्याखाली कल्याण-नगर-नांदेड ६१, त्याखाली पुणे-सोलापूर ६५. तीन आकडी नंबर म्हणजे फाटा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. म्हणून ४ए आता ७४८.

हिशेब चोख आहे, पण पूर्ण नाही. धुळे-सोलापूर ५२, मग त्याच्या पश्चिमेचा पुण्याचा रस्ता त्याहून मोठ्या आकड्याचा हवा. तो आहे ४८! दिल्लीहून मुंबईमार्गे चेन्नईला जाणारा एवढा वाकडा रस्ता सरळ नियमात बसवायचा तरी कसा?

ज्या नागपुरात रस्त्यांची उतरंड रचली गेली, तिथेच जुने ६ आणि ७ एकमेकांना छेदत. आता तिथे ५३ आणि ४४ छेदतात.