मान सांधावी की हलती ठेवावी?

१/ मानवी मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडले, तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. ती फाटून मागे सरकली की हाताकडे जाणारी नस किंवा खुद्द मज्जारज्जू दाबला जातो. बहुतेक रुग्ण औषधे व व्यायामाने बरे होतात. उरलेल्यांसाठी वैद्यकाने तीन वाटा शोधल्या. त्यांचा हा इतिहास.

२/ १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी सरकलेली गादी आणि दबलेली नस यांचा संबंध ठामपणे मांडला. तोवर शस्त्रक्रियेत सापडणारा असा तुकडा पुष्कळदा कूर्चेची गाठ समजला जाई.

३/ पहिली वाट मागची. मानेच्या मागून थोडे हाड कोरून नस मोकळी करायची. १९४४ मध्ये स्पर्लिंग व स्कोव्हिल यांनी अशा शस्त्रक्रियांचे वर्णन केले. मात्र गादी मधोमध सरकली असेल, तर वाटेत मज्जारज्जू आडवा येतो. त्याला बाजूला सारणे म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण.

४/ दुसरी वाट पुढची. १९५५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील रॉबर्ट रॉबिन्सन व जॉर्ज स्मिथ यांनी ती मांडली. एका बाजूला श्वासनलिका व अन्ननलिका, दुसऱ्या बाजूला मानेची मोठी रोहिणी. या दोहोंमधील नैसर्गिक फटीतून मणक्यांपर्यंत पोहोचायचे, गादी काढायची आणि रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा तेथे बसवायचा. कालांतराने दोन्ही मणके एकजीव होतात.

५/ त्याच काळात होनोलुलूत राल्फ क्लॉवर्ड स्वतंत्रपणे याच दिशेने निघाले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे ते हेच. १९५८ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : गोल छिद्र पाडून त्यात हाडाची गोल खुंटी ठोकायची.

६/ दोघांत मतभेद होता. मणके सांधले की वाढलेली हाडाची टोके आपोआप विरतील, असा रॉबिन्सन यांचा विश्वास. ती तेथल्या तेथे काढावीत, हा क्लॉवर्ड यांचा आग्रह.

७/ सांधण्याची किंमतही होती. हाड काढलेल्या जागी कमरेत वेदना, काहींना घोगरा आवाज, गिळताना त्रास. शिवाय एक सांधा कायमचा थिजतो. मग शेजारच्या सांध्यांवर भार वाढत असेल काय?

८/ १९९९ मध्ये हिलिब्रँड व सहकाऱ्यांनी ३७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारच्या पातळीवर नवा त्रास उद्भवण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी २.९ टक्के भरले. दहा वर्षांत सुमारे एक चतुर्थांश रुग्ण. परंतु अनेक मणके सांधलेल्यांत हे प्रमाण उलट कमी होते. त्यामुळे दोष सांधण्याचा की वयोमानानुसार होणाऱ्या झिजेचा, हा वाद मिटला नाही.

९/ तिसरी वाट कृत्रिम सांध्याची. १९६० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी गादीच्या जागी पोलादी गोळे बसवले. ते हाडात रुतू लागले आणि ती कल्पना मागे पडली. पुढे ब्रिस्टलच्या फ्रेंचे रुग्णालयात ब्रायन कमिन्स यांनी धातूचा हलता सांधा घडवला. पहिल्या २० रुग्णांचा वृत्तान्त १९९८ मध्ये आला. त्याच घराण्यातील ‘प्रेस्टीज’ सांध्याला २००७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली.

१०/ मग जुनी वाट संपली काय? नाही. चाचण्यांत हाताची वेदना दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखीच कमी झाली. दीर्घ काळात पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कृत्रिम सांध्यात कमी आली. मात्र यांतील अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादकांनीच उचलला होता. हाडे ठिसूळ असतील, मणके अस्थिर असतील किंवा मागचे सांधे झिजलेले असतील, तर सांधणेच श्रेयस्कर ठरते.

११/ मागची वाटही जिवंत आहे. गादी कडेला सरकून एकच नस दबली असेल, तर धातू न बसवता, हालचाल राखून काम भागते. म्हणूनच आज निवड यंत्राच्या नवेपणावरून होत नाही. दाब पुढून आहे की मागून, दबली आहे ती नस की मज्जारज्जू, आणि तो सांधा अजून हलतो आहे काय, यांची उत्तरे आधी शोधावी लागतात.