हलू नका

"हनुवटी इथं टेका. कपाळ पट्टीला लावा. हिरव्या दिव्याकडं बघा. आता हलू नका." नोकरीच्या काळात माझ्या तोंडून याखेरीज फारसं काही निघालं नाही, असं घरचे म्हणतात. पुण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांत मी पडद्याचे फोटो काढायचो. या कामाचा इतिहास सहसा कॅमेऱ्यांच्या नावांनी सांगतात. मी तो वेगळ्या मापानं मोजतो: पेशंटला किती वेळ न हलता बसावं लागायचं? डोळ्याच्या फोटोवरून स्मृतिभ्रंशाची चाहूल लागेल का, या आजच्या प्रश्नालाही हेच माप लावून बघावं.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं ऑप्थॅल्मोस्कोप जगापुढं मांडला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा डॉक्टरांना नीट दिसू लागला. दिसलेलं जपून ठेवायचं तर हातानं चित्र काढावं लागे. १८८६ मध्ये इंग्लंडात जॅकमन आणि वेब्स्टर यांनी पेशंटच्या डोक्यालाच कॅमेरा बांधला आणि गॅसबत्तीच्या उजेडात पडद्याचा फोटो काढला. एक्स्पोजर होतं अडीच मिनिटांचं! तेवढा वेळ पापणीही न लववता बसणं कुणाला जमणार? १९२६ मध्ये झाइस कंपनीनं नॉर्डेन्सन यांच्या आराखड्यावरून कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा तेच काम अर्ध्या सेकंदावर आलं. पुढं इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला आणि डोळा किंचित थरथरला तरी फोटो निभावू लागला.

तरी पेशंटची सुटका नव्हती. मी कामाला लागलो तेव्हा फिल्मचा जमाना होता. आधी बाहुली मोठी करायचे थेंब, मग बाकावर ताटकळणं, मग अंधारी खोली. अँजिओग्राफी असली तर आणखी परीक्षा. नोव्होट्नी आणि आल्विस या अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. हाताच्या शिरेत फ्लोरेसिन नावाचं पिवळं औषध टोचायचं. दहा-पंधरा सेकंदांत ते डोळ्यात पोचतं आणि निळ्या उजेडात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या झळाळतात. तेवढ्यात भराभर फोटो घ्यायचे. डोकं जरा मागं गेलं की सुरुवातीचे, सगळ्यात मोलाचे फोटो हातचे गेले. कुणाला मळमळायचं. "लघवी पिवळीधमक होईल, घाबरू नका," हे आधीच सांगून ठेवायचं. रात्री डार्करूममध्ये काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल धुतल्यावर कळायचं, काय हाती लागलं ते.

समोर यायचे ते बहुतेक मधुमेहाचे नाहीतर रक्तदाबाचे पेशंट. स्मृतिभ्रंशाची माणसंही यायची, पण मोतीबिंदूसाठी किंवा चष्म्याच्या नंबरासाठी. अंधाऱ्या खोलीत ती बावरायची, दिवा चमकला की उठून उभी राहायची. केसपेपरवर आम्ही एकच इंग्रजी शब्द लिहायचो, 'अनकोऑपरेटिव्ह', आणि पुढच्या नंबराला हाक मारायचो.

गंमत म्हणजे या माणसांच्या डोळ्यात बघण्यासारखं काही आहे, हे शास्त्रज्ञांना तेव्हाच जाणवू लागलं होतं. डोळ्याचा पडदा मुळात मेंदूचाच भाग; गर्भात तो मेंदूच्या पेशींमधूनच आकाराला येतो. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेन इथं स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या एका स्त्री पेशंटच्या मेंदूतले बदल मांडले. पण डोळ्याकडे नजर वळायला त्यानंतर ८० वर्षं गेली. हिंटन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अल्झायमर या आजाराच्या मृत पेशंटच्या डोळ्यांच्या नसा तपासल्या, तर १० पैकी ८ जणांच्या नसांमधले तंतू झडलेले आढळले. मेल्यानंतर दिसतं ते जिवंतपणी कसं बघायचं, एवढंच उरलं होतं.

त्याची सोय १९९१ मध्ये झाली. अमेरिकेतल्या एमआयटीत हुआंग, फुजिमोटो आणि इतरांनी ओसीटी हे तंत्र मांडलं. प्रकाशाच्या परावर्तनावरून ते पडद्याचे थर मायक्रॉनमध्ये मोजतं. सुई नाही, रंग नाही. २००२ च्या सुमाराचं यंत्र सेकंदाला ४०० रेघा वाचायचं. पुढच्या पिढीचं २७ हजार वाचू लागलं. पेशंटच्या धीराची जागा वेगानं घेतली.

मग मोठे अभ्यास शक्य झाले. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकच्या हजारो लोकांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला: ज्यांचा नसांच्या तंतूंचा थर पातळ, त्यांची बौद्धिक चाचण्यांमधली कामगिरी सरासरीनं कमी, आणि पुढच्या काही वर्षांत ती घसरण्याची शक्यता जास्त. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या गटानं २०१७ मध्ये वेगळीच वाट दाखवली. त्यांनी पेशंटना हळदीतलं कर्क्युमिन खायला दिलं. ते अल्झायमरमधल्या अमायलॉइड या प्रथिनाच्या ठिपक्यांना चिकटतं आणि खास कॅमेऱ्यात चमकतं. पेशंट १०, निरोगी ६. एवढ्याशा आकड्यावर निदान उभं राहत नाही. ही बातमी वाचून आमच्या सोसायटीतल्या आजींनी मात्र लगेच हळदीचं दूध दुप्पट केलं. त्यांना समजावलं, की आजी, इथं हळद औषध म्हणून दिलेली नाही, फोटोत रंग दिसावा म्हणून दिलीय.

आता अडचण सांगतो. थर पातळ व्हायला काचबिंदू पुरतो, चष्म्याचा मोठा मायनस नंबर पुरतो, वयही पुरतं. म्हणून सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या रिपोर्टवर 'स्मृतिभ्रंश' असं लिहायला पुरत नाही. दुसरी अडचण फक्त आमच्यासारख्यांना ठाऊक. अशा अभ्यासांत हललेले, पुसट स्कॅन मोजणीतून वगळतात. हलतं कोण? ज्याचा आजार पुढं गेलाय तो. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांतलेच बरेच जण आकड्यांतून गळतात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट बघा. मूळचे मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतपंडित शास्त्री रस्त्यावर हत्ती दिसताच त्याच्या मागं निघून जातात. त्यांचं लक्ष संपलेलं नसतं, फक्त आपण दाखवू तिकडं ते जात नाही. नारायण पेठेतले एक निवृत्त गणिताचे मास्तर आमच्याकडं आले होते. हिरवा दिवा त्यांना काही केल्या सापडेना. मग त्यांच्या मुलीला यंत्राच्या पलीकडं उभं केलं आणि पाढे चुकवत म्हणायला लावले. चूक पकडायला मास्तर तिकडं टक लावून बसले, स्कॅन झाला.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे १०० पैकी ७ हून अधिक जणांना, स्मृतिभ्रंश आहे. उद्या एखाद्या दुकानात 'डोळ्याच्या फोटोवरून विसराळूपणाची तपासणी' अशी पाटी लागली तर पैसे खिशातच ठेवा. आधी डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची साधी चाचणी, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. विसरण्यामागची काही कारणं औषधानं बरी होतात. आणि माझ्या जागी आज बसणाऱ्या पोरापोरींना सांगणं एवढंच: हललेला स्कॅन पुसून टाकू नका. माणूस किती वेळ बसला, कशानं विचलित झाला, कुणाच्या आवाजानं स्थिरावला, हे शेजारी लिहून ठेवा. 'अनकोऑपरेटिव्ह' लिहून आम्ही जी माहिती घालवली, ती तुम्ही तरी संशोधकांच्या हाती द्या.