चौल-रेवदंडा: बीच सोडून बघण्यासारखं काय आहे?

परवा रेवदंड्यात एका पाहुण्याने गाडी थांबवून विचारलं, "काका, बीच सोडून इथे बघण्यासारखं काय आहे?" मजा म्हणजे तेव्हा त्याची गाडी किल्ल्यातच उभी होती! अलिबाग-मुरूड रस्ता रेवदंड्याचा तट फोडून आत शिरतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. चूक त्याची नाही, आपली आहे.

म्हणून थोडं सांगतो. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेला चौल-रेवदंडा आणि समोर दक्षिणेला कोर्लईचा डोंगर. खाडीत गलबतांना आसरा, म्हणून इथे बंदर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लिखाणातसुद्धा चौलचा उल्लेख सापडतो. वास्को द गामाच्याही आधी अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे, बघितलंय का?

१५०८ मध्ये इथल्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरी पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला उभा केलाच. १५९४ मध्ये समोरचं कोर्लईही त्यांनी निजामशाहीकडून घेतलं. म्हणजे खाडीचं तोंड दोन्ही बाजूंनी त्यांच्या ताब्यात. १७४० मध्ये हे सगळं मराठ्यांकडे आलं.

पोर्तुगीज गेले, पण भाषा राहिली. साळावचा पूल ओलांडून कोर्लईत जा. किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ मराठीच्या शेजारात राहिल्यावर असंच होणार. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. आता पोरं शाळेत मराठी शिकतात, नोकरीला बाहेर जातात. पुढे काय होणार, सांगायला नको.

तटाचा एक दगड निखळला की आपल्याला दिसतो. भाषेतला शब्द गेला की आवाजही होत नाही.

माझं म्हणणं एवढंच. सातखणी मनोऱ्याचे सातातले चारच मजले उरलेत, तिथे नावं कोरू नका. तटाचे दगड कुंपणाला नेऊ नका. गावात येणाऱ्या पाहुण्याला मासळीच्या खानावळीबरोबर किल्ल्याची वाटही दाखवा. आणि कोर्लईच्या तरुण मंडळींनो, तुमच्या आजीच्या गोष्टी, तिची गाणी तिच्याच बोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्याला ना निधी लागतो, ना कुणाची परवानगी. फक्त आजीजवळ तासभर बसायला लागतं.

पटलं तर या रविवारीच सुरुवात करा.